प्रयागबाईनं पाहिलं काय?

रूपगंगा टॉकीजला तीन दारं होती. दोन पुरुषांची, रस्त्याकडे तोंड केलेली. तिसरं बायकांचं, बाजूच्या बोळात, सायकल स्टँडला लागून. या तिसऱ्या दारातून एक अरुंद जिना चढून गेलं की बायकांचा सज्जा लागायचा. सज्ज्याला पुढून कमरेएवढा कठडा आणि त्याच्यावर आडवी दांडी. पूर्वी त्या दांडीला पडदा असायचा. दिवे गेले की तो सारायचा आणि दिवे लागायच्या आत परत ओढून घ्यायचा, म्हणजे वर कोण बसलंय ते खालच्या पुरुषांना दिसू नये. पडदा कधीचाच विरून गेला होता. दांडीवर पितळेच्या कड्या तेवढ्या उरल्या होत्या.

जिन्याच्या पायथ्याशी लोखंडी स्टुलावर प्रयागबाई बसायची. नऊवारी पातळ, मोकळं कपाळ, पदराच्या गाठीत सुपारी आणि हातात टॉर्च. तिकीट फाडून अर्धं परत देताना ती बाईच्या तोंडाकडे एकदा पाहून घ्यायची. कोणाला दिवस गेलेत, कोण घरून भांडून आली आहे, कोणाच्या पोराला गोवर येतोय हे तिला तेवढ्यात कळायचं. गोवर दिसला तर ती मायलेकांना परत पाठवायची. त्यावरून तिला शिव्या बसायच्या आणि आठवड्याने तीच बाई पाया पडायला यायची.

माहेर खाप्याचं. बाप विणकर. लग्न होऊन नागपूरला इतवारीत आली तोवर तिनं गावची दंडार, म्हणजे रात्रभर चालणारी सोंगं, सोडून दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. नवरा गणपतराव याच टॉकीजच्या थर्ड क्लासच्या दारावर होता. सुमती रांगत होती तेव्हा तो काविळीनं गेला. जुन्या मालकांनी प्रयागबाईला बोलावून सांगितलं, "लेडीजच्या दारावर बस. घर चालेल." ती बसली; पण पहिली दोन वर्षं येताजाता मोहल्ल्यात मान वर करत नव्हती. पिच्चरच्या दारावर बसणारी बाई म्हणजे काय, हे लोकांच्या डोळ्यांत तिला वाचता यायचं. अक्षर वाचता येत नव्हतं, पण हे येत होतं.

मान तिनं हळूहळू मिळवला, आणि तो एका नेमानं. दर शुक्रवारी नवा पिच्चर लागला की पहिला खेळ ती सज्ज्यात मागे उभी राहून पुरा पाहायची. बसायची नाही. बसलं की माणूस पिच्चरमध्ये जातो, असं ती म्हणायची. मग दुसऱ्या खेळापासून बायका विचारायला लागायच्या. प्रयागबाईचे निकाल चारच प्रकारचे होते: पोरीसोबत पाहा, सासूसोबत पाहा, एकटीनं पाहा, नोको पाहू. एकदा एका पौराणिक पिच्चरलाच तिनं "नोको पाहू" दिलं. त्यातली सून रडरडून देवाकडून सगळं मिळवते. "रडून काई भेटत नाही," प्रयागबाई म्हणाली. "पोट्टीयले उगा सवय लागते." त्या आठवड्यात सज्जा अर्धा रिकामा राहिला आणि मालक चिडले, पण बोलले नाहीत. इतवारीपासून पाचपावलीपर्यंत घराघरांत पिच्चरला जायची गोष्ट निघाली की म्हातारी माणसं आधी विचारत, "प्रयागबाईनं पाहिलं काय?" पाहिलं असलं आणि बरं म्हटलं असलं, की पोरींना परवानगी मिळायची.

या शब्दाच्या जोरावर आणखी एक रीत सज्ज्यात पडली होती. मुलगी पाहायची ती आधी इथे. रीतसर पोहे करून बोलावलं आणि नकार आला, की मुलीचं नाव खराब होतं. त्यापेक्षा मुलाकडच्या बायका मागच्या रांगेत बसणार, मुलगी आपल्या मावशी-काकूसोबत पुढे. कोणी कोणाशी बोलणार नाही. प्रयागबाई टॉर्चचा उजेड सगळ्यांच्या पायांवर टाकायची. पण अशा मुलीला जागेवर बसवताना ती तो हनुवटीपर्यंत उचलायची. क्षणभरच. मग तीन तास मागच्या बायका पाहत राहायच्या: मुलगी म्हातारीला जागा देते का, शेजारणीचं रडकं पोर घेते का, कुठे हसते, कुठे डोळे पुसते. पसंत पडली तर जाताना प्रयागबाईच्या स्टुलाजवळ काहीतरी फळफळावळ ठेवायची. नाही पडली तर मुकाट जिना उतरायचा. मुलगी पाहिलीच नव्हती, तर नाकारली कुठून? अशी कितीतरी लग्नं त्या अंधारात जुळली. त्यांच्या मांडवात प्रयागबाईला पुढच्या पंगतीत बसवत.

सुमती मॅट्रिक झाली, शिवणाचा वर्ग झाला, वीस पार केली. दुसऱ्यांच्या पोरींवर टॉर्च उचलणाऱ्या प्रयागबाईला आता आपल्या पोरीसाठी तो उचलायचा होता. एवढी एक गोष्ट झाली की तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

स्थळ आणलं शेजारच्या देवकीनं. देवकीचं माहेर नरखेडकडचं. तिच्या गावच्या जयवंताबाईंचा मुलगा, ताराचंद. घरी संत्र्याचा बगिचा, आणि मुलगा इथे रामदासपेठेत एका दवाखान्यात कारकून. देवकीनं त्याला एकदा काही निमित्त काढून प्रयागबाईच्या दारावरून चालवत नेलं होतं. उंच, सावळा, पँटला कडक इस्त्री, खाली मान. प्रयागबाईला तो आवडला. सुमतीनंही खिडकीतून पाहिलं असावं, कारण त्या संध्याकाळी तिनं भाजीत मीठ दोनदा टाकलं.

"जयवंताबाई शुक्रवारी येऊन राहिल्या," देवकी गुरुवारी सांगत आली. "डोळे दाखवाले. नणंद हाय सोबत. दुपारून मोकळ्या हायेत, संध्याकाळच्या यष्टीनं वापस. बाराचा खेळ जमते."

"उद्याचा पिच्चर म्या अजून पाहिला नाही वं."

"तं काय झालं? कोन्ता हाय?"

"विंग्रजी. रोमचा."

"मंग तं देवाचाच हाय!" देवकी म्हणाली.

तिचं चुकलं असं कोणी म्हणू नये. रूपगंगात नाताळाच्या सुमाराला कधीमधी रोमचे सिनेमे लागत. पांढरे झगे, डोक्यावर पानांचा मुकुट, रथांच्या शर्यती, सिंहांपुढे टाकलेली भक्तमंडळी आणि शेवटी क्रूस. भाषा कोणाला कळायची नाही, पण भक्ताचा छळ कळायला भाषा कशाला लागते? मिशनच्या शाळेतल्या सिस्टर पोरींच्या रांगा घेऊन यायच्या. सज्ज्यातल्या बायका ते पाहून ढसाढसा रडायच्या. एका वर्षी तर कोणीतरी चपला काढून जिन्यात ठेवल्या आणि मग सगळ्यांनीच काढल्या, खेळभर जिना चपलांनी भरून होता. तेव्हापासून पानांचा मुकुट घातलेला राजा दिसला की पिच्चर देवाचा, हे मोहल्ल्यात पक्कं होतं.

तरी प्रयागबाईनं भैयाजीला विचारलं. भैयाजी म्हणजे जुन्या मालकांचा पुतण्या. मालक गेल्यापासून टॉकीज त्याच्या हातात होती. गल्लोगल्ली व्हिडिओ लागायला लागले होते, रूपगंगातल्या खुर्च्या रिकाम्या पडत होत्या आणि भैयाजीच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा वाढत चालला होता.

"भैयाजी, उद्याचा पिच्चर कसा हाय गा? माह्या पोट्टीचं दाखवणं हाय."

भैयाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"राजाचा आहे, प्रयागबाई. रोमचा राजा. पाह्य ना, पोस्टर लावलं ना तुझ्या बोळात?"

बोळातलं पोस्टर तिनं पाहिलं होतं. मुकुट घातलेला राजा, मागे सिंह. बर्डीच्या चौकात आणि गिरणीच्या फाटकाजवळ दुसरंच पोस्टर लागलं होतं, ते तिनं पाहिलं नव्हतं.

"त्याच्यावर गोल करून विंग्रजी अक्षर काहून हाय? मोठ्यायचा हाय काय?"

"लढाया आहेत, मुंडकी उडतात. लेकरं भितात म्हणून. तुझी सुमती लेकरू आहे काय?" तो हसला. "येऊ दे तिला. अन् बायकांनाही सांग. हाऊसफुल पाहिजे मले लेडीज पहिल्या खेळाले."

पहिल्या खेळाला लेडीज भरलेला त्याला का पाहिजे, हे विचारायचं तिला सुचलं नाही. तिच्या डोक्यात सुमतीची चॉकलेटी साडी होती, आणि जयवंताबाईंना मागच्या रांगेत कुठल्या खुर्चीवर बसवावं हे होतं. संध्याकाळी नळावर बायकांनी विचारलं, "उद्याचा कसा हाय वं, प्रयागबाई?" आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिनं न पाहिलेल्या पिच्चरचा निकाल दिला.

"सासूसोबत पाहा," ती म्हणाली.

शुक्रवारी बायका खरंच सासवांसोबत आल्या. जिन्यात दोघीतिघींनी चपला काढल्या आणि मागून येणाऱ्यांनी त्यांचं पाहून काढल्या. जयवंताबाई आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मोजक्या. हातात संत्र्यांची पिशवी होती, ती त्यांनी वर न नेता प्रयागबाईच्या स्टुलाला टेकवून ठेवली. "राहू द्या इथंच. मंग पाहू," म्हणाल्या. प्रयागबाईच्या काळजात चांदणं पडलं. इतक्या आधी पिशवी खाली ठेवणारी मुलाची आई तिनं पाहिली नव्हती.

एक गोष्ट तिला खटकली होती. पुरुषांच्या दारांवर अशी गर्दी इंग्रजी पिच्चरला कधी नसायची. रेल्वेतले चार बाबू, कॉलेजची पोरं, एवढेच. आज सायकल स्टँड भरून सायकली बोळात आल्या होत्या, आणि बोळातून जाणारे पुरुष बायकांच्या दाराकडे पाहून एकमेकांना कोपर मारत होते. एकजण म्हणाला, "बापरे, लेडीज बी!" दुसरा खो खो हसला.

दिवे गेले. सुमती देवकी आणि तिच्या सासूसोबत आली तेव्हा प्रयागबाईनं तिला पुढून दुसऱ्या रांगेत नेलं आणि टॉर्च उचलला. सुमतीच्या नाकातली चमकी, हनुवटीचा खळगा, खाली झुकलेल्या पापण्या, सगळं क्षणभर उजळलं. मागे जयवंताबाईंनी नणंदेच्या गुडघ्यावर हात ठेवलेला प्रयागबाईनं पाहिला. थोड्या वेळाने एक म्हातारी उशिरा चढून आली, तर सुमती आपली जागा देऊन कडेच्या मोडक्या खुर्चीवर जाऊन बसली. कोणी शिकवलं नव्हतं तिला. जयवंताबाईंनी मान हलवली.

पिच्चर सुरू झाला तो घोड्यांनी, संगमरवरी जिन्यांनी, एका आजारी म्हाताऱ्या राजानं. म्हातारा मेला, तरुण राजा गादीवर बसला. बायका भक्ताची वाट पाहत होत्या. भक्त काही येईना. राजा माजत गेला. सख्ख्या बहिणीला त्यानं जवळ घेतलं ते कसं घेतलं हे कळायला अर्धं मिनिट लागलं, कारण तसं कळून घ्यायला कोणाचं मन धजेना. मग दरबार भरला, मेजवानी मांडली गेली, आणि पडद्यावर जे होऊ लागलं त्याला मोहल्ल्यात शिवीतसुद्धा शब्द नव्हता. मूळ सिनेमावर कात्री चाललेली होती म्हणे. पण कापलेले तुकडे, आणि या सिनेमाचे नसलेलेही, भैयाजीनं कुठूनतरी मिळवून मध्येमध्ये जोडले होते. राजाचा माज चांगला बनवलेला होता की वाईट, त्यातून काय सांगायचं होतं, हे शहाण्या लोकांनी पुढे वर्तमानपत्रांत भांडून पाहिलं. सज्ज्यातल्या बायकांना एवढंच कळलं, की खाली शेकडो पुरुष आहेत आणि वर आपण आहोत.

अंधारात बांगड्या वाजल्या. पदर तोंडावर गेले. एका सुनेनं सासूच्या मांडीत डोकं घातलं आणि सासूनं तिच्या डोक्यावर पदर टाकला. पण उठली एकही नाही. उठलं की पिच्चरच्या उजेडात उभी बाई खालून दिसते, आणि दांडीवर कड्याच होत्या, पडदा नव्हता. सगळ्या खाली मान घालून बसून राहिल्या, शाळेत छडी खाणाऱ्या पोरींसारख्या.

प्रयागबाई जिना उतरली, धावत पुढे गेली. भैयाजी गल्ल्यावर होता.

"बंद करा! भैयाजी, बंद करा! माह्या बाया हायेत वर!"

"बोंबलू नको. इंटरवलपर्यंत बसव. मग जाऊ दे."

"तुमाले मालूम होतं!"

भैयाजीनं सभोवार पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोलीस येऊन गेले सकाळी. म्या सांगितलं, फॅमिली पिच्चर आहे, लेडीज फुल आहे, जाऊन पाहा. बायका बसल्या असल्या का कोणी बोलत नाही. धंदा आहे, प्रयागबाई. तुझा पगार कुठून निघते?"

ती परत जिना चढली. तेवढ्यात काय डोक्यात आलं, ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पोरीला तिथून काढायचं, एवढंच. तिनं सज्ज्याचं दार सताड उघडलं.

"चला वं बायांनो! उठा! चला घरी!"

बाहेर भर दुपार होती. जिन्याच्या खिडकीतलं ऊन दारातून थेट सज्ज्यात पडलं, पहिल्या रांगेपर्यंत. बायका दचकून उभ्या राहिल्या, आणि खाली अख्खं थेटर मान वळवून वर पाहू लागलं. शिट्ट्या झाल्या. कोणीतरी ओरडलं, "बसा ना काकू, अजून भारी आहे!" कडेच्या मोडक्या खुर्चीवरून उठलेली सुमती नेमकी उन्हाच्या पट्ट्यात होती. चॉकलेटी साडी, चमकी, हनुवटी. आईनं क्षणभर दाखवलेला तो चेहरा आता सगळ्या रूपगंगानं पाहिला. कोणीतरी त्या साडीच्या रंगाचं नाव घेऊन हाक मारली. सुमतीनं कठड्याला धरलं. तिच्यानं पाऊल उचलवेना, देवकीनं ओढून तिला बाहेर आणलं.

जिन्यात चपलांची झिम्मड उडाली. जिची तिला सापडेना. बायका एकमेकींकडे न पाहता मिळेल ती पायात घालत होत्या. नळावर विचारणाऱ्यांपैकी एक प्रयागबाईच्या अगदी तोंडापुढे थांबली. "सासूसोबत पाहा म्हणे," एवढंच म्हणाली, आणि सासूचा हात धरून उतरली.

जयवंताबाई शेवटी आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वाढला नाही.

"पोरगी गुणाची हाय तुमची," त्या म्हणाल्या. "म्या पाह्यलं. पण बाई, माहा गाव लहान हाय. सून कुठं पाहिली, असं कोनं पुसलं, तं म्या काय सांगू?"

"जयवंताबाई, मले ठावं नवतं... लेकीची शपथ."

"असंन." त्यांनी वाकून स्टुलाजवळची संत्र्यांची पिशवी उचलली. उचलताना एक संत्रं घरंगळून जिन्याखाली गेलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

त्यांची रिक्षा बोळातून निघते न निघते तोच इंटरवलची घंटा झाली. पुरुष पानठेल्याकडे लोटले. प्रयागबाई स्टुलाला धरून उभी होती. लोंढ्यात तिला एक उंच सावळा पोरगा दिसला, पँटला कडक इस्त्री. दोघा मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून तो काहीतरी हातवारे करून सांगत होता, बहुधा राजाचं. समोरून रिक्षा गेली. आतली बाई पाहताच तो पोरगा झटकन पानठेल्यामागे वाकला, बुटाची नाडी बांधू लागला. रिक्षा वळणाआड गेल्यावर उठला, पानाचा विडा तोंडात घातला, आणि घंटा होताच पुन्हा आत गेला. पुढचा भाग पाहायला.

ताराचंद होता तो. प्रयागबाईची नजर चुकणारी नव्हती.

संध्याकाळी देवकी निरोप घेऊन आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. "जमत नाही म्हनतात. पोट्टी दाखवाची तं असा पिच्चर दाखवून काय दाखवाचं होतं, असं त्यायची नणंद म्हने."

"देवकी, ताराचंद होता तिथं."

"कोन?"

"ताराचंद. तुह्या जयवंताबाईचा. खालच्या क्लासात. मायले पाहून ठेल्यामागं लपला अन् मंग वापस आंदर गेला. म्या पाहिलं."

देवकीनं चौकटीचा ढलपा नखानं काढला. मग म्हणाली, "तू पाहिलं?"

"ह्या डोळ्यानं."

"पिच्चर बी तू बरा सांगितला म्हनून तं आमी गेलो वं, प्रयागबाई," देवकी म्हणाली. "मी माह्या सासूले घेऊन गेली होती." आणि ती निघून गेली.

सुमती आत स्टोव्हजवळ बसली होती. सगळं ऐकू येत होतं तिला. ती म्हणाली, "माय, पुन्ना कोनाले नोको सांगू हे. आपलं गेलं म्हणून त्या पोट्ट्यावर आळ घेऊन राहिली, असं म्हनतीन." प्रयागबाईनं लेकीकडे पाहिलं. वीस-एकवीसची पोर, आणि जग तिला आईपेक्षा आधी समजलं होतं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. पुढच्या आठवड्यात बायकांच्या एका मंडळाचा मोर्चा रूपगंगावर आला. पोस्टरं फाडली, शाई फेकली. वर्तमानपत्राचे लोक आले. भैयाजी पायरीवर उभा राहून शांतपणे बोलला, आणि ते छापून आलं: चित्रपट ऐतिहासिक आहे, कलात्मक आहे, पहिल्याच खेळाला महिलांची गर्दी होती, इथल्या दारावरच्या बाईनं स्वतःच्या उपवर मुलीला आणून बसवलं होतं, घाणेरडा असता तर आईनं आणलं असतं काय? यात एक शब्द खोटा नव्हता. देवकीच्या नवऱ्यानं ते नळावर मोठ्यानं वाचून दाखवलं. गर्दी दुपटीनं वाढली. बायकांच्या दारावर "लेडीज बंद" अशी पाटी लागली, सज्ज्यात पुरुष बसू लागले, आणि प्रयागबाईला सायकल स्टँडवर बिल्ले वाटायला बसवलं. ती बसली. पोट होतं, पोरगी होती, दुसरं दार नव्हतं.

राजा बरेच आठवडे चालला. मोहल्ल्यात ज्यांनी तो पाहिला त्या पुरुषांचं कोणाचं काही बिघडलं नाही. ते सकाळी मंदिरात दिसत, संध्याकाळी ओट्यावर. ज्या बायकांनी अर्धामुर्धा, पदराआडून पाहिला होता, त्यांच्यावर घरी नजर राहू लागली. पिच्चर तर बंदच, हळूहळू भुलाबाईच्या गाण्यांना जाणंही कमी झालं. सुमतीला त्या वर्षी स्थळ आलं नाही. पुढल्या वर्षी सावनेरकडच्या एका बिजवराला दिली, दोन मुलांचा बाप. माणूस वाईट नव्हता. सुमती मुलांना जीव लावते असं येणारे-जाणारे सांगायचे. नागपूरला आली की ती रूपगंगाच्या रस्त्यानं जायची नाही, फेरा घेऊन घरी यायची.

लेडीज पुन्हा उघडला तेव्हा प्रयागबाई परत स्टुलावर बसली. नेम तिनं सोडला नव्हता. दर शुक्रवारी पहिला खेळ मागे उभी राहून पुरा पाहायची. पण विचारायला कोणी येत नव्हतं. बायका तिकीट पुढे करायच्या, अर्धं परत घ्यायच्या, आणि तिच्या डोळ्यांना डोळा न देता जिना चढायच्या. मागच्या रांगेतून मुली पाहण्याची रीत मोडली ती मोडलीच. टॉर्च आता सगळ्यांच्या पायांवरच राहायचा.

एका नवरात्रात देवीचा पिच्चर लागला होता. शनिवारी दुपारी एक जोडपं बोळात आलं. मुलगी नव्या लग्नाची, हातभर हिरवा चुडा. नवरा उंच, सावळा. त्यानं बायकोला दारापर्यंत आणलं, म्हणाला, "मी खाली बसतो. सुटल्यावर इथंच उभी राह्य," आणि मग स्टुलावर कोण आहे ते त्याला दिसलं.

मुलगी खेड्यातली होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं तिकीट दिलं आणि हसून विचारलं, "मावशी, तुमी पाहिला काय वं हा पिच्चर? कसा हाय?"

किती दिवसांनी हा प्रश्न तिच्या कानांवर आला होता. प्रयागबाईनं मान वर केली. ताराचंद बुटाकडे पाहत होता. नवरी उत्तराची वाट पाहत होती, डोळे मोठे करून, खरं सांगतील अशा भरवशानं.

"नाही पाहिला बाई," प्रयागबाई म्हणाली. तिनं तिकीट फाडलं, अर्धं तिच्या हातात ठेवलं आणि पायांपुढे उजेड धरला. "पायरी पाहून चढ."

पाहिला होता. काल, उभ्यानं, शेवटपर्यंत.